‘हत्ती दिसले ना दादा? मग झालं तर!’

मागच्या आठवड्यात आमच्या बँकेच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याने मला माझाच फोटो दाखवला. मी, बायको, सासूबाई आणि धाकटी उघड्या जीपमध्ये उभे, मागे हत्ती, चौघांचेही दात दिसतायत. खाली मजकूर : ‘आमचे समाधानी पाहुणे, कोल्हापूर. श्रीलंका जंगल सफर, तुमच्या बजेटमध्ये!’ सहकारी ही जाहिरात फिरवणाऱ्या माणसाकडेच आगाऊ पैसे भरायला निघाला होता. "साहेब, तुम्ही जाऊन आलाय, चांगलं आहे ना?" एवढंच विचारायला आला होता. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण तो फोटो आणखी किती जणांकडे फिरतोय कोण जाणे.

गोष्ट फेब्रुवारी २०२४ची. सासूबाईंची एकच इच्छा होती, मोकळे हत्ती बघायचे, साखळीतले नकोत. धाकटी तेव्हा अकरा वर्षांची, तिला विमान हवं होतं. मला खर्च आवाक्यात हवा होता. तिन्ही गोष्टी जुळवल्या की श्रीलंकाच येते. मुंबईहून कोलंबो अडीच तासांच्या आत-बाहेर, आपला एक रुपया म्हणजे तेव्हा तिथले साधारण पावणेचार, आणि देश एवढा आटोपशीर की सकाळी सदाहरित जंगलात आणि संध्याकाळी कोरड्या झुडपी रानात पोचता येतं.

हा माणूस मला भेटला भटक्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. पुण्याकडचा, बोलण्यात गोड. पहिल्याच फोनला मी दादा, बायको वहिनी, सासूबाई काकू. "दादा, तुम्ही फक्त बॅगा भरा, बाकी माझ्यावर सोडा." दोन नोंदणीकृत कंपन्यांनी विमान सोडून नव्वद हजारांच्या आसपास आकडा दिला होता. याचा आकडा होता चौसष्ट. पाच दिवस, गाडी, राहणं, नाश्ता, सिंहराजाचं जंगल, उडवलवेचं हत्तींचं उद्यान, डोंगरातलं एल्ला आणि ‘सर्व प्रवेश शुल्कासह’. हे शेवटचे तीन शब्द मी नंतर इतक्यांदा वाचलेत की पाठ झालेत.

बिल मागितलं तेव्हा तो हसला. "बिल केलं की जीएसटी आला, टीसीएस आला, कशाला उगाच?" मला हे पटलं, आणि लाज वाटते ती याची. मी बँकेत आहे. परदेशी सहलीच्या पॅकेजवर तेव्हा सात लाखांपर्यंत पाच टक्के टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच गोळा करायचा आयकर, कापणं सहल कंपनीवर बंधनकारक होतं, आणि तो कापलेला पैसा आपल्या पॅनवर जमा होतो, विवरणपत्र भरताना वळता होतो, हे मला ठाऊक होतं. बुडणारे पैसे नव्हेतच ते. उलट तो कापला जाणं हाच पुरावा असतो की समोरच्याने तुमच्याकडून पैसे घेतले आणि सरकारला तसं कळवलं. दिवसभर लोकांना ‘ओटीपी कुणाला देऊ नका’ सांगणाऱ्या मी त्याच्या वैयक्तिक यूपीआयवर चाळीस हजार टाकले आणि वर ‘थँक्यू भाऊ’ लिहिलं. व्हिसाचे म्हणून माणशी साडेतीन हजार वेगळे, ते नंतर.

त्या व्हिसाचं कोलंबोच्या विमानतळावरच कळलं. रांगेत पुढे नाशिकचं एक जोडपं होतं. बोलता बोलता त्यातल्या बाई म्हणाल्या, "आता भारतीयांना फुकटच आहे ना, बरं झालं." श्रीलंकेने भारतासह सात देशांच्या प्रवाशांसाठी ३१ मार्च २०२४पर्यंत व्हिसाचं शुल्क माफ केलं होतं. निघण्याआधी त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर ईटीएचा, म्हणजे प्रवासाच्या आगाऊ परवानगीचा, अर्ज तेवढा भरायचा. म्हणजे चौदा हजार रुपये फॉर्म भरायचे! बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जाऊ दे, सेवाशुल्क असेल त्याचं." फसलेला माणूस सुरुवातीला फसवणाऱ्याचीच वकिली करतो, हा शोध मला तिथेच लागायला हवा होता.

सिंहराजाबद्दल मात्र तक्रार नाही. कुडावाच्या फाटकावर वनखात्याच्या खिडकीत तिकिटं फाडून दिली, सोबत गाईड दिला. तिथे गाईडशिवाय आत सोडत नाहीत. हे रान १९८८पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. आंबोलीच्या पावसात हिंडलेल्या माणसाला ते परकं वाटत नाही, तोच ओला काळोख, त्याच जळवा. (सह्याद्री आणि श्रीलंका जैवविविधतेच्या नकाशावर एकत्रच धरतात, ते पायाला पहिली जळू लागली की पटतं.) निळा मॅगपाय पक्षी इतक्या जवळ आला की सासूबाई कुजबुजल्या, "हा पाळलेला आहे का रे?" आणि धाकटीने चारही तिकिटं गोळा करून वहीत ठेवली. ही तिची सवय. एसटीपासून म्युझियमपर्यंत मिळेल ते तिकीट चिकटवायचं, शेजारी तारीख लिहायची. ही वही लक्षात ठेवा.

उडवलवेला दुपारी पोचलो. जीप अडीचला येणार होती, आली साडेतीनला. चालक तरुण, गप्प. हत्तीला सिंहलीत ‘अलिया’ म्हणतात हे त्याने सांगितल्यावर धाकटी आणि तिची आई दहा मिनिटं हसत होत्या. जीप धरणाच्या बांधावरून गेली, एका बाजूला तलावाचं पाणी, सुंदर. मग डांबरी सोडून कच्च्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना झुडपं, मग एकदम ऊस. मी कोल्हापूरचा, ऊस ओळखायला मला जीपमधून उतरावं लागत नाही. त्या भागात, सेवनगलाला, साखर कारखाना आहे आणि त्याचा ऊस लांबवर पसरलाय. मी विचारलं, "हे जंगल?" चालक म्हणाला, "बफर, सर. बफर झोन. मोअर एलिफंट." मी लगेच पुण्याला फोन लावला. भाऊ म्हणाला, "दादा, ताडोबाला नाही का बफर असतं, तसंच. कोअरमध्ये गर्दी फार, इथं निवांत."

ताडोबाच्या बफरलाही, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यालाही, वनखात्याचं तिकीट लागतं, फाटक असतं, गाईड असतो. मी दोनदा जाऊन आलोय. तरी मान डोलावली.

आणि हत्ती दिसले. तीच तर खरी मेख. थनमलविला रस्त्याला लागून उद्यानाचं विजेचं कुंपण आहे. येणारेजाणारे केळी, कलिंगडाच्या फोडी टाकतात, म्हणून काही नर तिथे येऊन उभे राहायला शिकलेत. सुळे नव्हते, तिकडच्या नरांना क्वचितच असतात. एक अगदी जवळ, सोंड तारांवरून अलगद बाहेर काढून वाट बघत होता, आपल्याकडे देवळाबाहेर बसतात तसा. सासूबाईंनी हात जोडले. चालकाने आमचा फोन घेऊन फोटो काढला. सहा वाजून चाळीस मिनिटांनी मी तो ग्रुपवर टाकला : ‘हत्ती दिसले!! भाऊंचे नियोजन एक नंबर.’ दोन उद्गारचिन्हं माझीच.

रात्री गेस्टहाऊसच्या व्हरांड्यात मडक्यातलं म्हशीचं दही आणि त्यावर कितुल माडाची काकवी खात बसलो होतो. धाकटी वही घेऊन आली. "बाबा, आजची तिकिटं?"

मी खिसे चाचपले. बायकोने पर्स उलटी केली. मग दोघांनाही एकदमच आठवलं, आपण कुठे थांबलोच नव्हतो. खिडकी नाही, फाटक नाही, कुणी पासपोर्टही मागितला नाही. गेस्टहाऊसच्या मालकीणबाई ताटं उचलायला आल्या, त्यांना विचारलं. त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, फाटक इथून पुढे मोठ्या रस्त्यावर आहे, सकाळी सहाला उघडतं, संध्याकाळी सहाला बंद होतं, आणि तिकिटाशिवाय आत कुणालाच सोडत नाहीत. मग हलकेच : "यू सॉ फ्रॉम रोड?"

हे गणित समजून घ्यायला हवं, कारण सगळा खेळ त्यातच आहे. तिथे परदेशी माणसाचं प्रवेश शुल्क डॉलरमध्ये ठरतं. त्यावर प्रत्येक गटामागे सेवाशुल्क, गाडीचे वेगळे पैसे, आणि सगळ्यावर व्हॅट, जो त्या जानेवारीतच १५वरून १८ टक्के झाला होता. तीन-चार माणसं असली की जीपच्या भाड्यापेक्षा तिकिटांचीच रक्कम मोठी होते. जीपवाला भाडं फारसं सोडू शकत नाही, डिझेल तेवढंच जळतं. तिकिटात तर कुणीच सूट देऊ शकत नाही, ते सरकारी. म्हणजे कुणी सफर निम्म्यात देतो म्हणाला, तर तो कापणार काय? कापायला जागा एकच उरते. मी नव्वदवरून चौसष्टवर आलो याचा मला अभिमान होता, आणि ते मधले हजार नेमके कुठून निघाले हे मला त्या व्हरांड्यात, हातात चमचा धरून, कळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला टुकटुक रिक्षा करून आम्ही स्वतःच फाटकावर गेलो. तिकिटं काढली, तिथल्याच रांगेतली जीप ठरवली. सगळं मिळून आपले दहा हजारांच्या वर गेले. आत शिरल्यावर पाच मिनिटांत कळलं की काल आपण काय पाहिलं नव्हतं. मैलभर मोकळं गवत, धरणाच्या पाण्यातून वर आलेले वाळक्या झाडांचे सांगाडे, त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले. काठाला पाण्यातल्या म्हशी, चिखलात मगर. आणि एक कळप, माद्या नि पिल्लं, आमच्याकडे ढुंकूनही न बघता गवत उपटून, पायावर आपटून माती झाडत खात होता. त्यांना कुणाकडून काही नको होतं. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कालचा तो बिचारा भीक मागत होता गं."

परतताना धरणाजवळच्या अनाथ पिल्लांच्या केंद्रात गेलो. १९९५पासून चालतं. पिल्लांना ठरावीक वेळी दूध पाजतात, लांबून बघायचं, हात लावायला बंदी, मोठी झाली की रानात सोडतात. तिथलं तिकीट मामुली. इतक्या पैशांत इतकं समाधान मला तरी दुसरीकडे मिळालेलं नाही.

कालचा चालक तिथे बाहेर भेटला. मी आवाज चढवला, तो ओशाळला नाही. मोबाईल काढून त्याने मला आलेला निरोप दाखवला : जीप, तीन तास, तिकीट नको. त्याला फक्त जीपचं भाडं मिळालं होतं, तेही अर्धं. उरलेलं अर्धं कधी मिळेल, हे तो मलाच विचारत होता.

मग भाऊंना फोन. आधी ‘लोकल पार्टीने घोळ केला’. निरोप पाहिलाय म्हटल्यावर आवाज बदलला नाही, तोच गोडवा. "हत्ती दिसले ना दादा? मग झालं तर! लोक कोअरमध्ये जाऊन रिकामे येतात." या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हॉटेलची खोली मिळाली नाही तर मिळाली नाही. पण रानात दाखवलेलं रान खरं की खोटं, हे नवख्याला कोण सांगणार? शिवाय माझी दोन उद्गारचिन्हं त्याच्याकडे होतीच. ग्रुपवर खरं लिहिलं तर अर्ध्या तासात मला काढून टाकलं. (एल्लाहून आगगाडीची ‘आरक्षित’ सीट म्हणाला होता, हातात पडली तिसऱ्या वर्गाची बिनआरक्षित. ती मात्र मजेची निघाली, दारात पाय सोडून चहाचे मळे बघितले. त्याचं श्रेय त्याला द्यायची माझी इच्छा नाही.)

परत आल्यावर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, बिल आहे का? दुसरा, कंपनीचं नाव काय? माझ्याकडे होता एक यूपीआय आयडी आणि गोड आवाजातले व्हॉइस मेसेज. तरी चॅट, बँकेची नोंद आणि धाकटीच्या वहीतल्या दुसऱ्या दिवशीच्या तिकिटांचा फोटो जोडून नोटीस पाठवली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात दाव्याची फी लागत नाही, दोन वर्षांत दावा करता येतो, हे त्यात स्पष्ट लिहिलं. आठवड्याभरात व्हिसाचे चौदा हजार परत आले, ‘नात्याखातर’ अशा टिपेसह. बाकीचे नाहीत. श्रीलंकेत असतानाच तिथल्या पर्यटन खात्याच्या १९१२ क्रमांकावर फोन करायला हवा होता, तो केला नाही. सासूबाईंसमोर तमाशा नको वाटला.

सहकाऱ्याने हे सगळं ऐकून घेतलं. मग चिकाटीने विचारलं, "पण साहेब, फोटोत तर तुम्ही हत्तीच्या अगदी जवळ दिसताय."

त्याच्याच मोबाईलवर फोटो दोन बोटांनी मोठा करून दाखवला. सासूबाईंचे जोडलेले हात, त्यांच्या मागे धाकटीचा खांदा, आणि खांद्याच्या वर आडवी गेलेली एक बारीक काळी रेघ. त्याला ती आधी वीज कंपनीची तार वाटली. पुढे अजून एक होती, तिच्याखाली अजून एक. तो हत्ती आत होता, आम्ही बाहेर.