गाडीतले स्पीकर आणि टेबलावरचे स्पीकर: त्याच पैशांत काय मिळाले?

गाडीच्या पुढच्या दारांत बसवलेली साडेसहा इंची कोॲक्शियल (एकाच चौकटीत खर्जाचा स्पीकर आणि बारीक, उंच सुरांचा ट्वीटर असलेली) जोडी आणि संगणकासाठी घेतलेला २.१ संच (दोन छोटे स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर), दोन्ही मला साधारण साडेतीन हजारांना पडले. मात्र संगणकाच्या संचात अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफरची पेटी आयतीच मिळाली, तर गाडीसाठी डेक (गाणी वाजवणारे, आत अ‍ॅम्प्लिफायर असलेले डॅशबोर्डवरचे यंत्र), वायरिंग आणि मजुरी धरता खर्च तिपटीवर गेला. त्यातही डेकच्या खोक्यावरचा ‘५० वॅट गुणिले ४’ हा आकडा फसवा आहे, कारण गाडीच्या सुमारे १४ व्होल्टवर चार ओहमच्या स्पीकरला सलग मिळतात ते वीसेक वॅटच. दुकानदाराने हे सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

डग्ग्याची घुमारेदार मींड टेबलावरच्या संचावर स्वच्छ उमटते. गाडीत मात्र ती दाराच्या पत्र्याच्या थरथरीत हरवत होती. पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट (थरथर शोषणारा जाड थर) चिकटवल्यावर थरथर थांबली आणि खर्ज भरीव झाला, तेव्हा हे काम स्पीकर बदलण्याआधीच करायला हवे होते, असे वाटले. महामार्गावर टायरच्या घरघरीपुढे ट्वीटरची नजाकत ऐकूच येत नाही, म्हणून मागच्या दारांतले कंपनीचेच स्पीकर मी तसेच ठेवले आहेत.