‘दहा लेव्हलचा ब्राइटनेस’ म्हणून गळ्यात मारलेला गेम बॉय

मॉड केलेला, म्हणजे भाग बदलून सुधारलेला गेम बॉय ॲडव्हान्स (निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेमचा सेट) ऑनलाइन घेणार असाल तर आधी हे वाचा.

२००१ साली आलेल्या मूळ सेटच्या स्क्रीनला दिवाच नव्हता. खेळायचं तर खिडकीपाशी नाहीतर दिव्याखाली बसा. म्हणून आतून उजळणारा नवा आयपीएस स्क्रीन बसवलेले जुने सेट हातोहात खपतात. मीही घेतला. जाहिरातीत ठळक लिहिलं होतं: दहा लेव्हलचा ब्राइटनेस, पूर्ण सोल्डरिंग, सिलेक्ट बटण दाबून धरा, एल बटणाने प्रकाश कमी, आरने जास्त.

सेट सुरू केला तर स्क्रीन नुसता भगभगीत. रात्री डोळ्यांवर टॉर्च मारल्यासारखं व्हायचं. सिलेक्ट-एल दाबलं, ढिम्म फरक नाही. स्क्रीन बदलायच्या काही किटमध्ये बटणांऐवजी टच सेन्सर असतो, म्हणून पाठीवर, कडेला सगळीकडे बोट फिरवून पाहिलं. शून्य. शिवाय फुल ब्राइटनेसवर सेल भराभर उतरतात, ते वेगळंच.

विक्रेता आधी म्हणाला, “सेल कमजोर असतील.” नवे घातले. मग, “या मॉडेलला असंच असतं.” मग उत्तरंच बंद.

शेवटी वाय खाचेचा स्क्रू-ड्रायव्हर मिळवून मागचं कव्हर उघडलं. वरून कीर्तन, आतून तमाशा! सिलेक्ट, एल आणि आरसाठीच्या तीन बारीक वायरी मेन बोर्डला सोल्डर करायच्या असतात. इथे त्या छाटून वर चिकटपट्टी मारलेली. स्क्रीन या वायरींशिवायही लागतो, त्याची रिबन (चपटी केबल) खोचली की झालं. त्यामुळे फोटोत सगळं झकास दिसतं, आणि हे लोक नेमकं वेळखाऊ काम गाळतात.

मला पाठवलेल्या व्हिडिओत स्क्रीन उजळ-मंद होत होता खरा, पण बटणं फ्रेमच्या बाहेर! फोनच्या कॅमेऱ्याचं एक्स्पोजर हलवलं तरी तसंच दिसतं. तेव्हा व्हिडिओ मागाल तो सलग, बटणांवरची बोटं आणि मागची भिंत दोन्ही दिसतील असा मागा. भिंतही उजळली तर करामत कॅमेऱ्याची. कव्हर उघडून आतल्या सोल्डरिंगचा फोटोही मागा. आढेवेढे घेतले तर व्यवहार तिथेच सोडा.

असा सेट आधीच गळ्यात पडला असेल तर स्क्रीनच्या बोर्डावरचे पॅड (वायर सोल्डर करायचे धातूचे ठिपके) तपासा. ते शाबूत असतील तर नव्या वायरी जोडता येतात. माझ्या सेटमध्ये त्या महाभागाने वायर ओढताना सिलेक्टचा पॅडच उखडून ठेवलाय, त्यामुळे एल-आर जोडूनही उपयोग नाही.