लॅपटॉपला जोडायचा डिजिटल मायक्रोस्कोप: जळक्या बियांवर महिनाभर वापरून

मी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी. उत्खननात निघालेले जळक्या फळांचे, लाकडाचे तुकडे ओळखायला शिकतेय. घरी सराव करता यावा म्हणून पुण्याच्या तापकीर गल्लीतून हा घेतला, २,२०० रुपयांना.

सरावाचा माल घरचाच. बोरं खाल्ली, बिया धुऊन फॉइलमध्ये गुंडाळल्या, डब्यात वाळूखाली पुरल्या आणि झाकण लावून डबा गॅसवर ठेवला. हवा मिळत नाही म्हणून राख न होता कोळसा होतो आणि ठेवण टिकते. शिरूरजवळच्या इनामगावातली तीन हजार वर्षांपूर्वीची धान्यं आपल्याला दिसतात ती जळल्यामुळेच.

अख्ख्या बीसाठी यंत्र झकास आहे. बोराच्या कवचाचे खडबडीत उंचवटे, मोडल्यावर आतले दोन कप्पे, सगळं स्वच्छ दिसतं. फक्त त्याचे एलईडी बंद करा. सरळ उजेडात काळा तुकडा नुसता चकाकतो. मी मोबाइलचा टॉर्च टेबलालगत आडवा धरला आणि खाचा उठून दिसल्या.

खरी परीक्षा कपच्यांची. मातीतून येतात त्या तांदळाच्या कणीएवढ्या. लाकूड की फळातल्या बीभोवतीचं कडक कवच? ब्लेडने मोडून ताजी बाजू बघायची. लाकडात नलिकांची भोकं असतात. सागाच्या कोळशातली ह्यात छान दिसली. कवचात मात्र दगडी पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, भिंती इतक्या जाड की मधे जेमतेम टाचणीच्या टोचेएवढी पोकळी, आणि तिच्यातून भिंतीत शिरलेल्या केसासारख्या वाटा. (खजुराची बी ह्यात धरू नका. ती कवच नसून आतलं कडक बीच असतं.) ह्या पेशी इथे दिसल्या नाहीत. करवंटीच्या कोळशाची नुसती करडी रवाळ पाटी दिसली. खोक्यावर '१००० पट' छापलंय, पण चित्र पसरतं, बारकावा वाढत नाही. तोच तुकडा कॉलेजात वरून उजेड टाकणाऱ्या मायक्रोस्कोपखाली २०० पटीला ठेवला, तर भिंती मोजता आल्या. मला फार वाईट वाटलं, कारण मी घेतला होता तो त्यासाठीच.

स्टँड डगमगत होता, दुकानदार काकांनी लगेच बदलून दिला.

बिया, धान्य, मातीचे थर बघणाऱ्याने जरूर घ्यावा. पेशी बघायच्या असतील तर कोळशाचा ताजा मोडलेला तुकडा खिशात घेऊन जा आणि पैसे देण्याआधी दुकानातल्याच लॅपटॉपवर लावून बघा.