झॅबिक्स एजंट २ : एक पावसाळा काढल्यानंतर

रत्नागिरीत बसून मी काही छोट्या ग्राहकांचे डेटाबेस सांभाळतो. एक पतसंस्था आहे, शाखा राजापूर-लांज्यापासून गुहागरपर्यंत, सगळीकडे मायएसक्यूएल डेटाबेस. एक आंबा कॅनिंगवाले आहेत, त्यांचं बिलिंग एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसवर चालतं. गणपतीपुळ्याच्या एका हॉटेलचं बुकिंग क्लाउडवर, पोस्टग्रेसमध्ये. या सगळ्यांवर नजर ठेवायला आंब्याच्या सीझनमध्ये झॅबिक्स हे मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर बसवलं. तेव्हाच लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. आपल्याकडे खरी परीक्षा मृग लागल्यावर असते. लाईट जाते, चौपदरीकरणातला जेसीबी केबल उखडतो आणि शाखा फोरजी राउटरवर येते.

फोरजीवर आलं की भानगड पोर्टची, म्हणजे मशीनच्या ज्या नंबराच्या दारातून जोडणी येते त्याची. सिमकार्डाला मिळणारा आयपी बहुतेक वेळा सीजीनॅटमागचा असतो, म्हणजे मोबाइल कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला. राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग कितीही करा, बाहेरून त्या राउटरपर्यंत कोणी पोचूच शकत नाही. झॅबिक्सचा एजंट, म्हणजे प्रत्येक मशीनवर बसणारा छोटा प्रोग्राम, दोन रीतींनी चालतो. पॅसिव्हमध्ये सर्व्हर एजंटच्या १००५० वर येऊन आकडे मागतो. ॲक्टिव्हमध्ये एजंटच सर्व्हरच्या १००५१ ला जोडणी करतो, काय मोजायचं याची यादी उचलतो आणि आकडे पाठवत राहतो. सगळ्या शाखा ॲक्टिव्हवर टाकल्या. शाखेच्या राउटरवर बाहेरून आत येणारं एकही पोर्ट आता उघडं नाही. पोर्टचा नंबर कोणीही शोधून काढतं, जोडणी कुठल्या बाजूने सुरू होते हे मात्र कोटेशन देणारेही विचारत नाहीत.

आधी प्रोमिथियस हे असंच दुसरं सॉफ्टवेअर चालवून पाहिलं होतं. साधन उत्तम, पण त्याची रीत स्वतः जाऊन आकडे आणण्याची : मशीनसाठी ९१००, मायएसक्यूएलच्या एक्स्पोर्टरसाठी (आकडे पुरवणारा प्रोग्राम) ९१०४, पोस्टग्रेसला ९१८७, विंडोजला ९१८२. सगळं एकाच लॅनवर असेल तर मी आजही तेच लावेन. शाखा सीजीनॅटमागे असल्या की मध्ये व्हीपीएन घाला नाहीतर आकडे स्वतः पाठवणारा त्याचा एजंट मोड लावा, म्हणजे सांभाळायला आणखी एक लचांड.

झॅबिक्सचा एजंट २, म्हणजे एजंटची नवी आवृत्ती, डेटाबेसच्याच मशीनवर बसतो आणि १२७.०.०.१ च्या (म्हणजे त्याच मशीनच्या) ३३०६ या मायएसक्यूएलच्या पोर्टशी घरातल्या घरात बोलतो. मायएसक्यूएलचं प्लगइन त्यात मुळातच आहे, पोस्टग्रेसचं वेगळ्या पॅकेजमधून घ्यावं लागतं. मॉनिटरिंगच्या युजरला फार हक्कही लागत नाहीत. पोस्टग्रेसमध्ये तर पीजी_मॉनिटर नावाचा तयार रोल आवृत्ती १० पासून आहे. पतसंस्थेत आधीच्या माणसाने ‘रिपोर्ट बघायला’ म्हणून ३३०६ थेट इंटरनेटवर सोडलं होतं. ते पहिल्याच दिवशी बंद केलं. पोर्टांच्या यादीत शेजारी ३३०६० दिसलं तर दचकू नका, तो मायएसक्यूएल ८ चा एक्स प्रोटोकॉल, जोडणीची दुसरी रीत. कोणी वापरत नसेल तर बंद करा. 

त्याच पतसंस्थेत एक जुनी स्क्रिप्टही होती. दुसऱ्या मशीनवरून दर मिनिटाला ३३०६ ला हात लावायचा आणि लॉगिन न करता सोडून द्यायचं, ‘पोर्ट चालू आहे का’ एवढंच बघायला. मायएसक्यूएल अशा अर्धवट जोडण्या मोजतं. मध्ये एकही यशस्वी लॉगिन न होता त्या साचत गेल्या आणि मॅक्स-कनेक्ट-एरर्सची मर्यादा (मूळ सेटिंग १००) ओलांडली, की त्या मशीनलाच ब्लॉक करतं. त्यामुळे दीड-दोन तासांनी स्क्रिप्ट ओरडायची, ‘डेटाबेस बंद!’ आणि काउंटरवर पासबुकं आरामात छापली जात असायची. झॅबिक्सचं मायएसक्यूएल पिंग रीतसर लॉगिन करून विचारतं, त्यामुळे तो तमाशा संपला.

हॉटेलच्या मशीनवर वेगळीच गंमत. यूएफडब्ल्यू या लिनक्सच्या फायरवॉलला विचारलं तर पोस्टग्रेसचं ५४३२ बंद, बाहेरून पाहिलं तर उघडं. पोस्टग्रेस डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या सोयीत, होतं. डॉकर पोर्ट पब्लिश करताना आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉल नियमांच्या यादीत) स्वतःचे नियम घालतं आणि यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा पडतो. डॉकरच्या सेटिंगच्या कंपोज फाइलमध्ये नुसतं ५४३२:५४३२ होतं, त्याच्या आधी १२७.०.०.१: जोडलं आणि विषय मिटला. फायरवॉल काय सांगते यावर विसंबू नका, दुसऱ्या नेटवर्कवरून तपासा.

कॅनिंगवाल्यांनी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. एक्सप्रेस नेम्ड इन्स्टन्स (नाव दिलेली वेगळी प्रत) म्हणून बसतो, टीसीपी (नेटवर्कवरून जोडणी) सुरुवातीला बंद, चालू केलं तरी पोर्ट डायनॅमिक, म्हणजे बदलू शकणारं. ते कुठलं आहे हे एसक्यूएल सर्व्हरची ब्राउझर सर्व्हिस यूडीपी १४३४ वर बसून सांगते. हा तोच १४३४, ज्यावरून जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर हा वर्म पसरला होता, पॅच आधीच्या जुलैत आलेला असूनही. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये आयपीऑलखालचा डायनॅमिक रकाना रिकामा केला, खाली १४३३ लिहिलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि ब्राउझर बंद केला. बिलिंगच्या कनेक्शनमध्ये इन्स्टन्सच्या नावाऐवजी स्वल्पविराम देऊन पोर्ट लिहावं लागलं. त्याला मालकांची परवानगी मिळेपर्यंत सीझन उलटला!

अडलं की मी टेलनेट मारतो, म्हणजे त्या पोर्टला हाताने जोडून बघतो. लगेच ‘रिफ्यूज्ड’ आलं तर त्या पोर्टवर बहुधा कोणी ऐकतच नाही. बराच वेळ काही न होता टाइमआउट झालं तर मध्ये फायरवॉल पॅकेट गिळतेय. १००५० ला जोडणी लागून तत्क्षणी तुटली तर पोर्ट ठीक आहे, एजंटच्या ‘सर्व्हर’ ओळीत तुमचा आयपी नाही. ॲक्टिव्हमध्ये मात्र हे सगळं ठीक असूनही आकडे येत नाहीत तेव्हा होस्टनेम बघा. एजंटच्या फाइलमधलं आणि सर्व्हरवरचं नाव कॅपिटल-स्मॉलसकट जुळावं लागतं.

न आवडलेल्या गोष्टीही आहेत. लाईन नसताना आकडे डिस्कवर साठवायची सोय, पर्सिस्टंट बफर, एजंट २ मध्ये आहे पण मूळ सेटिंगमध्ये बंद, आणि चालू केली तरी मुदत तासाभराची. आपल्याकडे तासाभरात लाईन येते का? मी दोन दिवसांची ठेवलीय. जुलैत गुहागर शाखा रात्रभर गप्प होती. सकाळी जोडणी आल्यावर रात्रीचे आकडे धडाधड आले आणि बॅकअपच्या वेळी डिस्क कशी भरत गेली ते ग्राफवर दिसलं. पण रात्री मला एवढंच कळत होतं की शाखा गप्प आहे. लाईन गेली की डेटाबेस झोपला, हे ॲक्टिव्ह एजंट जोडणी परत येईपर्यंत सांगू शकत नाही. तयार टेम्प्लेटमधल्या अलर्टांना कात्री लावावी लागते, नाहीतर फोन वाजतच राहतो. आणि १००५१ इंटरनेटवर उघडं ठेवायचं तर पीएसके, म्हणजे सामायिक किल्लीचं, एन्क्रिप्शन लावाच. पोर्ट तेच राहतं, फक्त किल्ली दोन्हीकडे टाकायची.

आता राजापूरच्या शाखेत मशीनं वाढताहेत, म्हणून तिथे शाखेतले आकडे गोळा करून सर्व्हरला पाठवणारी झॅबिक्स प्रॉक्सी बसवतोय. ती एसक्यूएलाइट या एका फाइलमधल्या डेटाबेसवर चालते, म्हणजे तिच्या डेटाबेसला पोर्टच नाही, आणि ॲक्टिव्ह ठेवली की शाखेतून बाहेर जाणारी वाट तीच, १००५१ ची.