"घरच्या माणसाला कोणी कागद देते का?"

नागपूरला धरमपेठेतल्या एका बंगल्याच्या पुढच्या खोलीत मी नोकरी धरली त्या मासिकाचं ऑफिस. मालक काका, डिझाइन दादाकडे, पाककृती वहिनींच्या. साड्या, घरसजावट, सावजी कुठलं चांगलं, असला मजकूर. पहिल्या दिवशी नेमणूकपत्राचं विचारलं तर काका म्हणाले, "बेटा, घरच्या माणसाला कोणी कागद देते का?" तेवढ्यात काकूंनी तर्रीपोहे आणले. कागद राहूनच गेला. पोहे मात्र झकास होते.

पगार 14 हजार. जूनचा पूर्ण मिळाला, पाकिटात. जुलै-ऑगस्टचे पाच-पाच हजार. पुढे "दिवाळी अंकाच्या जाहिराती येऊ दे", आणि त्या आणायला मलाच पिटाळलं. उपसंपादक मी, पण इतवारी-सीताबर्डीत रेटकार्ड घेऊन स्कूटी दामटत होते. रेटकार्डावर खप 10 हजार. मावशीच्या बुटीकचं अर्धं पान मीच मिळवलं. अंक आला तेव्हा छापखान्याचं चलन हाती लागलं: प्रती 800. त्यातलेही चार गठ्ठे जिन्याखाली सुतळीसकट पडून. मावशीला हे सांगायला मला दोन महिने लागले.

ऑक्टोबरअखेर नोकरी सोडली. बाकी 46 हजारांचा चेक मिळाला, 5 नोव्हेंबरचा. "आत्ता टाकू नको, पार्टीकडे पैसे अडकून राहिले. मी सांगतो तेव्हा टाक." संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले, तेव्हाही हेच. 10 फेब्रुवारीला फोन आला, "टाक आता." बँकेतल्या बाईंनी तारीख पाहिली आणि चेक परत सरकवला. चेक तारखेपासून तीनच महिने चालतो. इतकी वर्षं धंदा केलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल?

वकील म्हणाले, मुदतीत टाकून बाउन्स झाला असता तर कलम 138 लावता आलं असतं: बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, पैसे द्यायला त्यांना 15 दिवस, नाही दिले तर महिन्याभरात कोर्टात तक्रार. शिळ्या चेकला ते लागू नाही. आता पगार वसूल करायला भिस्त काकांच्या व्हॉट्सअॅपवरच्या मेसेजवर. तुमच्या हाती असा चेक पडला तर कुणाच्या फोनची वाट पाहू नका, तारीख आली की टाका. आणि नोकरी धरण्याआधी अंकातला मुद्रक-प्रकाशकाचा बारीक मजकूर वाचा. मी तो पगाराच्या नोटिशीसाठी पहिल्यांदा वाचला. काकांचं नाव त्यात कुठेच नाही. प्रकाशक काकू. मग चेकवरची सही नीट पाहिली. तीही काकूंचीच.