शिकागोचा हित्ती कोश: पुण्यातील अभ्यासकाच्या नजरेतून

शिकागो विद्यापीठाचा हित्ती या प्राचीन भाषेचा कोश पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतो, ही पुण्यात बसून प्राचीन अनातोलियाचा (आजच्या तुर्कस्तानचा) अभ्यास करणाऱ्यांसाठी मोठीच सोय आहे. १९८० पासून भागाभागांनी निघालेल्या या कोशाची खरी कसोटी लागते ती धार्मिक विधींच्या ग्रंथांत एखाददुसऱ्याच ठिकाणी आढळणाऱ्या लूवियन (हित्तीच्या भगिनीभाषेतील) शब्दांपाशी. लेखनिक अशा शब्दांपूर्वी पुष्कळदा पाचरीची खूण करीत, पण नेहमीच नव्हे; शिवाय खूण असलेला प्रत्येक शब्द लूवियन असतोच असेही नाही. म्हणून अर्थ ठरवताना प्रत्यय, समांतर विधी आणि मातीच्या पाटीचा काळ हे सारे एकत्र तोलावे लागते. कोश नेमके हेच साहित्य पुरवतो: उतारे पुरेसे लांब देतो, लिपीचा काळ नोंदवतो आणि अर्थ अनिश्चित असेल तेथे तसे स्पष्ट सांगतो. हा प्रामाणिकपणा मला सर्वाधिक भावला.

उणीव मात्र मोठी आहे. रोमन वर्णक्रमाने रचलेल्या या कोशाची सुरुवातच ‘ल’पासून (L) होते आणि प्रसिद्ध खंड ‘श’पर्यंतच (Š) पोहोचतात, त्यामुळे राजावरील अरिष्ट स्वतःवर घेणाऱ्या, राजाच्या जागी उभ्या केलेल्या बदलीसाठीचा, लूवियन वळणाचा ‘तर्पल्लि’ (tarpalli) हा शब्द येथे स्वतंत्र नोंदीत सापडत नाही. (संस्कृतात मुरलेल्या पुणेकराला येथे ‘तर्पण’ आठवणारच, केवळ ध्वनिसाम्यावर विसंबू नये.) नवशिक्यांना संक्षेपांचे जंगल त्रासदायक वाटेल. तरीही इंग्रजी येणाऱ्या आणि चिकाटी असलेल्या विद्यार्थ्याने पहिल्यांदा हाच कोश उतरवून घ्यावा, जर्मन कोशांकडे नंतर वळावे.