खरेदी, गोदाम आणि वाहतूक एकाच प्रणालीखाली : दीर्घ वापरानंतरचा अनुभव

आमची कंपनी औद्योगिक पंप आणि त्यांचे सुटे भाग बनवते. कच्चा माल व तयार घटक अनेक पुरवठादारांकडून येतात आणि तयार माल वितरकांमार्फत, काही वेळा थेट, ग्राहकांकडे जातो. नियोजन आणि रवानगी या दोन्हींची जबाबदारी माझ्याकडे आहे. पूर्वी खरेदीचे काम ईआरपीमध्ये (कंपनीचे सर्व व्यवहार नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये), गोदामाचे काम वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये आणि वाहतुकीचे काम एक्सेल व फोनवर चालत असे. त्यामुळे एकाच वस्तूच्या साठ्याचे तीन विभागांचे तीन आकडे असत आणि बैठकीचा पहिला भाग कोणाचा आकडा खरा हे ठरवण्यातच जाई. हे तिन्ही प्रवाह एकत्र आणणारी प्रणाली आम्ही घेतली आणि तिच्यावर आता मंदीचा, तेजीचा असा दोन्ही प्रकारचा हंगाम काढून झाला आहे. प्रणालीचे नाव येथे देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे त्यातले बहुतेक या वर्गातल्या कोणत्याही प्रणालीला लागू पडेल.

प्रात्यक्षिकाच्या वेळी सर्वांना सर्वाधिक भावला तो नकाशा, ज्यावर प्रत्येक वाहन कोठे आहे हे दिसते. आज तो नकाशा आमच्याकडे क्वचितच कोणी उघडते. वाहन कोठे आहे हे कळल्याने ते लवकर पोहोचत नाही. ते उशिरा पोहोचणार असेल तर कोणत्या ग्राहकाला काय कळवायचे, कोणत्या दुसऱ्या ऑर्डरचा माल वळवायचा आणि उतरवणाऱ्या माणसांची वेळ कशी बदलायची, हे ठरले तरच त्या माहितीला किंमत येते. एकत्रीकरणाने आमची कामगिरी सुधारली ती जेथे निर्णयच एका ठिकाणी आला तेथे. जेथे केवळ माहिती एका पडद्यावर आली तेथे फारसे काही बदलले नाही.

सुरुवातीचा काळ मास्टर डेटा, म्हणजे प्रत्येक वस्तूचे कोड, एकक, वजन, माप अशा मूळ नोंदी, नीट करण्यात गेला आणि या कामाचा उल्लेख विक्रेत्याच्या प्रस्तावात जवळजवळ नव्हता. एकच बेअरिंग खरेदी विभागाकडे एका कोडने, गोदामात दुसऱ्या कोडने आणि सेवा विभागात तिसऱ्याच नावाने नोंदलेले होते. खरेदी पेटीत, साठा नगात आणि वाहतूक वजनात मोजली जात असल्याने एककांचे रूपांतर कोठेतरी चुकत राही. अनेक वस्तूंचे वजन नोंदलेले होते, पण लांबी-रुंदी-उंची नव्हती. त्यामुळे वाहनात माल कसा बसवावा हे सुचवणारा भाग कित्येक आठवडे निरुपयोगी पडून होता. पंपाची आवरणे वजनाने कमी पण आकाराने मोठी असतात, म्हणजे वाहन वजनाने रिकामे असले तरी जागेने भरते, आणि हे प्रणालीला सांगितल्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही. अखेर गोदामातील दोघांना मोजपट्टी आणि काटा देऊन हे काम पूर्ण करून घ्यावे लागले. सॉफ्टवेअर बसवण्यापेक्षा याला अधिक वेळ लागला आणि माझ्या मते अधिक फायदाही यातूनच झाला.

त्यानंतर सर्वांत मोठा फरक पडला तो लीड टाइमच्या, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंत लागणाऱ्या दिवसांच्या, नोंदींमुळे. पूर्वी प्रत्येक पुरवठादारासमोर एकच आकडा लिहिलेला असे, तोही करारातला. खरेदीची ऑर्डर, माल निघाल्याची सूचना, वाहतूक आणि गोदामातील आवक या चारही नोंदी एका साखळीत आल्यावर प्रत्यक्षात किती दिवस लागतात आणि त्यात किती चढउतार होतो हे प्रथमच दिसू लागले. या चढउताराचे महत्त्व एका साध्या गणिताने कळते. समजा, एखाद्या वस्तूची रोजची सरासरी मागणी १०० नग आहे, तिचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या चढउताराचे माप) २० नग आहे, माल येण्यास सरासरी १० दिवस लागतात आणि त्या दिवसांचे प्रमाण विचलन ३ दिवस आहे. साठा संपण्याची शक्यता प्रत्येक आवर्तनात, म्हणजे एका ऑर्डरीपासून पुढच्या ऑर्डरीपर्यंत, सुमारे ५ टक्क्यांवर ठेवायची असेल, तर नेहमीच्या सूत्राने सेफ्टी स्टॉक, म्हणजे अनिश्चिततेसाठी राखून ठेवायचा साठा, सुमारे ५०६ नग येतो. आता पुरवठादाराला रेटून सरासरी १० वरून ८ दिवसांवर आणली, पण चढउतार तसाच राहिला, तर तो आकडा सुमारे ५०४ होतो, म्हणजे जवळजवळ काहीच हाती लागत नाही. उलट सरासरी १० दिवसच ठेवून विचलन ३ वरून दीड दिवसावर आणले, तर सेफ्टी स्टॉक सुमारे २६९ नगांवर येतो.

हे गणित नवे नाही. पाठ्यपुस्तकांत ते अनेक दशके आहे. पण खरेदी विभाग भावावर आणि दिवसांच्या संख्येवर वाटाघाटी करत होता, तर चढउताराची किंमत गोदाम आणि वित्त विभाग मोजत होते, त्यामुळे ते कोणीच करून पाहिले नव्हते. प्रणाली आल्यानंतर पुरवठादारांशी बोलणे बदलले. ‘लवकर द्या’ याऐवजी ‘सांगितलेल्या दिवशी द्या’ असा आग्रह आम्ही धरू लागलो, आणि गंमत अशी की अनेकांना हे अधिक सोपे वाटले. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज अडकून सुएझ कालवा सहा दिवस बंद झाला, तेव्हा कित्येक उद्योगांना दूरच्या पुरवठ्यातील अनिश्चिततेची जाणीव झाली. अशा घटना कोणत्याही सूत्रात बसत नाहीत, हे मान्य आहे; मात्र रोजच्या व्यवहारातील दोन-तीन दिवसांची अनिश्चितता कोणाच्या बातमीचा विषय होत नाही आणि साठ्यात भांडवल तीच अडकवून ठेवते.

वाहतुकीच्या बाबतीत अनुभव अधिक गुंतागुंतीचा आहे. आमच्या वाहतूक विभागाचे मूल्यमापन दर टनामागे पडणाऱ्या भाड्यावर होत असे. त्यामुळे वाहन पूर्ण भरेपर्यंत माल थांबवणे त्यांच्या दृष्टीने शहाणपणाचे होते. त्याच काळात गोदामात तयार माल पडून राही, वितरकाला पुढची तारीख द्यावी लागे आणि पैसे मिळण्यास तेवढाच उशीर होई. प्रणालीने या सर्व खर्चांची एकत्र बेरीज दाखवली, तरी पहिले काही महिने वागणूक बदलली नाही, कारण ज्या आकड्यावर माणसाची वार्षिक वाढ ठरते तोच आकडा तो सांभाळतो. भाडे, साठ्याचा खर्च आणि वेळेवर पूर्ण पोहोचलेल्या ऑर्डरींचे प्रमाण हे तिन्ही वाहतूक, गोदाम आणि नियोजन या तिन्ही विभागांच्या मूल्यमापनात सामायिक केल्यावरच अर्धवट भरलेले वाहन कधी सोडायचे यावर समंजस चर्चा सुरू झाली. हा निर्णय व्यवस्थापनाने घेतला. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी कोणतेही बटण नाही. विक्रेता हे सांगत नाही, आणि त्याने सांगावे अशी अपेक्षाही नाही.

‘वेळेवर’ या मोजमापाचेही तसेच. रवानगी विभाग माल फाटकातून बाहेर पडला की काम वेळेवर झाले असे समजत असे, तर ग्राहक माल त्याच्या दारी, मागितलेल्या संख्येत, धडधाकट आणि बिनचूक कागदपत्रांसह कधी मिळाला हे पाहतो. या चार गोष्टी प्रत्येकी ९५ टक्के वेळा बरोबर होत असतील आणि एकमेकींवर अवलंबून नसतील, तर चारही एकाच वेळी बरोबर होण्याचे प्रमाण सुमारे ८१ टक्केच भरते. प्रत्येक विभाग आपापले ९५ दाखवून समाधानी असतो आणि ग्राहक मात्र पाचातल्या एका ऑर्डरीबद्दल तक्रार करतो, याचे कोडे त्या एका गुणाकाराने सुटले. आता मोजणी ग्राहकाच्या दाराशी होते. सुरुवातीला आमचे आकडे त्यामुळे घसरलेले दिसले, आणि वरिष्ठांना हे आधीच समजावून सांगितले नसते तर प्रणालीवरच खापर फुटले असते.

वितरकांच्या मागणीबाबत मला सर्वाधिक उत्सुकता होती. अंतिम ग्राहकाची मागणी फारशी बदलत नसतानाही साखळीत मागे जावे तसतसे ऑर्डरींचे चढउतार वाढत जातात, हे एमआयटी या अमेरिकी विद्यापीठातील अभ्यासक जे. फॉरेस्टर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस दाखवले होते. हाउ ली, पद्मनाभन आणि व्हांग या अभ्यासकांनी १९९७ मध्ये त्याची चार कारणे मांडली : प्रत्येक टप्प्यावर नव्याने केलेले अंदाज, ऑर्डरी साचवून एकदम देणे, भावातील सवलतींचे चढउतार आणि टंचाईच्या भीतीने गरजेपेक्षा अधिक मागणी नोंदवणे. प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीला हा प्रकार लहान मुलांच्या डायपरच्या ऑर्डरींत आढळला होता, आणि बाळांची संख्या तर आठवड्या-आठवड्याला उसळत नाही. आमच्याकडे ही चारही कारणे उपस्थित होती, आणि तिमाहीअखेरच्या सवलती आम्हीच देत होतो.

प्रणालीत वितरकांच्या प्रत्यक्ष विक्रीची आकडेवारी घेण्याची सोय आहे. काही वितरकांनी ती मनापासून दिली; त्यांच्याकडील साठा आता आम्हीच पाहतो आणि भरतो, आणि तेथे उत्पादनाचे नियोजन लक्षणीय सुरळीत झाले आहे. उरलेल्यांना भीती वाटते की खरी विक्री कळल्यावर आम्ही अटी कडक करू किंवा त्यांच्या ग्राहकांशी थेट व्यवहार सुरू करू. ही भीती निराधार म्हणता येत नाही आणि ती दूर करण्याचा तांत्रिक उपाय नाही. माहितीचा वापर कशासाठी होणार नाही हे करारात लिहून दिल्यावर आणखी काही जण पुढे आले. तिमाहीअखेरची सवलत मात्र अजून पूर्णपणे बंद झालेली नाही, कारण विक्री विभाग या एकत्रीकरणाच्या बाहेरच राहिला. आमच्या अंमलबजावणीतील ही सर्वांत मोठी उणीव आहे असे माझे मत आहे.

पुरवठादारांसाठीचे पोर्टल मोठ्या पुरवठादारांनी स्वीकारले. लहान पुरवठादार अजूनही फोन करतात आणि आमचा माणूस त्यांच्या वतीने नोंद करतो. माल निघण्यापूर्वी येणारी सूचना मात्र लहानमोठ्या सर्वांकडून आग्रहाने घ्यावी. ती आल्याने आवक विभागाला कोणते वाहन कधी येणार आणि त्यात काय आहे हे आधी कळते, बारकोड आधीच छापून ठेवता येतात आणि फाटकाबाहेरची वाहनांची रांग बरीच आटोपली.

मागणीचा अंदाज बांधणाऱ्या भागाबद्दल थोडक्यात सांगायचे तर नियमित खपणाऱ्या वस्तूंसाठी तो चांगला आहे आणि सुट्या भागांसाठी जसा आला तसा वापरू नये. जो भाग वर्षातून मोजक्या वेळा मागितला जातो, त्याला साधी सरासरी लावल्यास निष्पन्न होणारा आकडा कोणत्याच महिन्यात खरा नसतो. अशा खंडित मागणीसाठी क्रॉस्टन यांनी १९७२ मध्ये सुचवलेली पद्धत, ज्यात मागणीचा आकार आणि दोन मागण्यांमधील अंतर यांचा वेगवेगळा अंदाज घेतला जातो, या प्रणालीत आहे. परंतु ती मूळ मांडणीत बंद असते आणि कोणी दाखवल्याशिवाय सापडत नाही. सूचनांच्या भडिमाराचेही असेच. सगळ्या सूचना सुरू ठेवल्या, तर दिवसाकाठी इतक्या येतात की महत्त्वाचीही वाचली जात नाही. ज्या सूचनेवर नेमकी कोणी कृती करायची हे ठरलेले नाही, ती आम्ही बंद केली.

जुन्या पद्धतीवरून नव्या पद्धतीवर जाण्याची वेळ फार जपून निवडावी. १९९९ मध्ये हर्शी या चॉकलेट कंपनीने एकाच वेळी अनेक प्रणाली बदलल्या, तेही वर्षातील सर्वाधिक विक्रीच्या हंगामाच्या तोंडावर, आणि गोदामात माल असूनही तो वेळेवर पाठवता आला नाही. आम्ही मंदीच्या महिन्यात, एका गोदामापासून सुरुवात केली आणि काही काळ दोन्ही नोंदी समांतर ठेवल्या. कर्मचाऱ्यांना दुहेरी काम पडले, कुरबूर झाली, पण एकही दिवस रवानगी थांबली नाही.

अद्याप असमाधानकारक असलेल्या बाबींमध्ये परत येणाऱ्या मालाची हाताळणी पहिली. प्रणालीला परत आलेला पंप म्हणजे केवळ साठ्यात वाढ वाटते. तो दुरुस्त होणार, भंगारात जाणार की तपासणीनंतर पुन्हा विकला जाणार, या वाटा तिला आपणहून कळत नाहीत. त्यासाठी आम्ही वेगळी स्थाने आणि वेगळे कोड बनवून काम चालवले आहे. दुसरे म्हणजे, भाड्याच्या बिलांची पडताळणी चांगली होते, पण प्रतीक्षा शुल्कासारखे किरकोळ आकार हाताने तपासावे लागतात. नेटवर्क गेल्यास गोदामातील हातातले स्कॅनर नोंदी साठवून ठेवतात, मात्र नंतर त्या चढवताना क्रम चुकतो आणि उपलब्ध साठा थोडा वेळ उणे दिसतो.

एकाच ठिकाणी, मोजक्या वस्तूंचा व्यवहार करणाऱ्या कंपनीने यात पडण्याची गरज मला दिसत नाही. नीट ठेवलेले ईआरपी आणि आठवड्याची एक शिस्तबद्ध संयुक्त बैठक तिला पुरेल. ज्यांची गोदामे अनेक आहेत, पुरवठादार दूरवर पसरलेले आहेत आणि विभागांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, त्यांनी अवश्य विचार करावा. प्रात्यक्षिक पाहताना विक्रेत्याच्या नमुना माहितीवर समाधान मानू नये. आपल्याच वस्तूंची आणि आपल्याच मागील ऑर्डरींची यादी, तिच्यातील सगळ्या गोंधळासह, त्याच्या हाती द्यावी आणि एक ऑर्डर पुरवठादारापासून ग्राहकापर्यंत चालवून दाखवण्यास सांगावे. करार संपल्यावर आपली संपूर्ण माहिती, विशेषतः लीड टाइमचा इतिहास, वापरता येईल अशा स्वरूपात परत मिळेल हे सही करण्यापूर्वी लिहून घ्यावे. आमच्या करारात हे कलम नंतर घालावे लागले आणि त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागले.